चंदनची मूठ

जो सर्वांच्या आधी आहे आणि ज्याच्या आधी कुणी नाही, जो सर्वांच्या शेवटी उरतो आणि ज्याच्यानंतर काहीच उरत नाही, थोरला-धाकटा हा भेद ज्याच्या उंबरठ्यापाशी गळून पडतो, त्या विश्वंभराला पहिला नमस्कार. श्रावणात खानदेशच्या घराघरांत नारळाच्या रूपाने पाटावर येऊन बसणाऱ्या, नथ लेवून, हार घालून लेकरांचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या कानबाईमातेला दुसरा. चित्त ठायी ठेवून कथा ऐकावी.

जळगावात योगराज नावाचा एक गृहस्थ राहत होता. बियाण्यांच्या आणि ठिबकच्या दुकानांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो कामाला होता. पत्नी कामिनी भुसावळची, आणि आईवडील धुळ्याला, देवपुरातल्या घरात. वास्तविक तो पुण्यात चांगला रुळलेला होता, पण आईवडिलांच्या हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावे लागते, आणि ते कुणीतरी नेहमी आपणच का, हा प्रश्न मनात दाबून तो जळगावला परतला होता. थोरल्याने करावयाची सगळी कामे त्याच्या वाट्याला आली होती आणि तो थोरला नव्हता. थोरला चंदन. तो पाचेक वर्षांनी मोठा, आणि किती वर्षांपूर्वी घरातून गेला हे त्या घरात कुणी मोजून सांगत नसे.

गेला तोही विचित्रच रीतीने. भुसावळला मावशीकडे लग्न होते, आणि आईने, सुनंदाबाईंनी, दोघा भावांना पुढे धाडले होते. निघताना त्यांनी चंदनला आपल्या अहिराणीत बजावले होते, “तू मोठा शे. लहानाना हात सोडू नको.” भुसावळ जंक्शनवर उतरल्यावर चंदनने धाकट्याला फलाटावरच्या बाकावर बसवले, त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाला, “तू इथंच बस. मी आलोच.” योगराज बसून राहिला. गाड्या आल्या, गाड्या गेल्या. शोधत आलेल्या मावसकाकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हाही तो बाकावरून उठायला तयार नव्हता. ती दोन वाक्ये त्याने पुढे कुणालाच सांगितली नाहीत. पाणी आणायला गेला, एवढेच सर्वांना सांगितले. त्या दिवसापासून योगराजच्या मनात भावाविषयी जे होते त्याला दुःख म्हणता आले असते, पण त्याची चव रागाची होती.

आता या भाऊबंदकीची एक रीत सांगितल्यावाचून कथा पुढे जाणार नाही. कानबाई बसण्यापूर्वी रोटांचे गहू घेतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत पडतात, त्याच पिठाचे रोट करून देवीचा प्रसाद होतो आणि तो भाऊबंदांखेरीज कुणाच्या मुखी लागत नाही. इतरत्र हे कसेही होत असो, योगराजच्या कुळात नावे वाचायची ती वयाच्या क्रमाने, सर्वांत थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत. गहू टाकायचे ते ज्या घरी देवी बसते त्या घरच्या मालकिणीने. आणि मूठ टाकायची ती जित्या माणसाचीच. मेलेल्याची मूठ परातीत गेली तर रोट आंबतात, अशी त्यांची श्रद्धा.

गेल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. साक्रीच्या आणि सोनगीरच्या भाऊबंदांत कुणाचे नाव आधी यावरून असा वाद पेटला की गहू परातीत तसेच खोळंबून राहिले. आणि दुसरे म्हणजे रोट आंबले. उकाडा होता, गर्दी होती, कारणे पुष्कळ देता आली असती. परंतु कुणीतरी हलक्या आवाजात म्हणाले की नसलेल्याची मूठ आत गेली असेल. नाव कुणी घेतले नाही. बसल्या जागी सर्वांच्या नजरा सुनंदाबाईंकडे वळल्या, कारण दर वर्षी रतिलाल या चुलतभावाच्या आणि योगराजच्या नावांमध्ये त्या न चुकता चंदनची मूठ टाकीत असत.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरचे झुलालनाना धुळ्याला आले. कुळातले सर्वांत वडील तेच. योगराजचे वडील लीलाधरआबा त्यांच्या पुढ्यात मान खाली घालून बसले होते. नाना म्हणाले, “लीलाधर, तुना पोऱ्या एवढा कॉम्प्युटरवाला शे. बठ्ठासना नावं टाक म्हणा तेन्हामा. वयवार लाव. मशीन सांगी ते खरं. मंग कोन्ही भांडाव नही.” आणि थोडे थांबून, काठीकडे बघत ते पुढे म्हणाले, “आनि जेना ठावठिकाणा नही, तेनं नाव टाकू नको.”

लीलाधरआबांनी तेच मुलाला फोनवर सांगितले. त्यानंतर थोड्याच वेळाने त्याच क्रमांकावरून सुनंदाबाईंचा फोन आला. त्या बहुधा मागच्या अंगणात जाऊन बोलत होत्या.

“योगू, चंदनचं नाव राहू दे.”

“आई, नानांनी नको म्हटलंय. आबांनीही.”

“तेन्ही जागावर राहू दे. रतिलालना मांगे, तुना आगे. वाचता वाचता निघी जाई. कोन्हा ध्यानमा येवाव नही.”

काम असे येऊन पडले. योगराजला ते क्षुल्लक वाटले होते. दुकानांच्या कामासाठी तो जो डेटाबेस वापरत असे, त्यात ठरावीक रकान्यांचे तक्ते नसत. प्रत्येक माणसाची नोंद म्हणजे जणू एक स्वतंत्र कागद; एकावर जन्मतारीख असेल, दुसऱ्यावर नसेल, तिसऱ्यावर कुणी फक्त टोपणनाव लिहिले असेल, तरी सगळे कागद एकाच पेटीत राहतात आणि प्रश्न विचारला की पेटी उत्तर देते. प्रश्नासोबत फक्त सांगावे लागते की उत्तर कोणत्या क्रमाने हवे. जन्मतारखेप्रमाणे, आधीचा आधी. एका ओळीचे काम.

पण पहिल्याच दिवशी डोकेदुखी सुरू झाली. कुळातल्या निम्म्या पुरुषांची जन्मतारीख एक जून निघाली. जुन्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला एक जून लावून दिला होता, आणि एका वर्षी वर्गात आलेली सगळी पोरे एकाच दिवशी जन्मलेली ठरली होती. आता तारीख सारखी असली की कुणाला आधी काढायचे याचे बंधन डेटाबेसवर नसते. सकाळी उघडले तर सोनगीरचा बन्सीलाल वर, दुपारी उघडले तर साक्रीचा पुना. भाऊबंदांच्या मोबाइलवर यादी पोहोचली होती. फोन सुरू झाले.

“योगराज, मी पुनापेक्षा मोठा शे. सकायले मी वर व्हतू. दुपारले काय लहान व्हई गवू का?”

शेजारच्या टेबलावरचा तौसिफ हसून हसून बेजार झाला. जळगावचाच, कपड्यांच्या दुकानदाराचा मुलगा, कामात तरबेज आणि जिभेला हाड नसलेला. “भाई, तुझ्या खानदानात सगळे जुळे आहेत. एक जूनला सोनगीरला काय झालं होतं?”

योगराजने तारखेच्या जोडीला दुसरी अट घातली. तारीख सारखी असली तर झुलालनानांनी तोंडी सांगितलेला क्रमांक बघावा. तो प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे पुन्हा बरोबरी होण्याचा प्रश्न नाही. यादी स्थिर झाली. बन्सीलाल एकदाचा पुनाच्या वर बसला आणि फोन थांबले. तेव्हा कुठे त्याने चंदनची नोंद केली; ती यादी फक्त त्यालाच दिसेल अशा बेताने, कारण बाकीच्यांच्या कानावर ते नाव ऐन वेळीच पडावे, एवढेच त्याला हवे होते.

यादी पुन्हा काढली तो चंदन सर्वांच्या वर. झुलालनानांच्याही आधी. योगराज दचकला आणि लगेच स्वतःवरच वैतागला. जन्मतारीख भरायचीच राहिली होती. ज्या नोंदीत क्रम लावायची माहितीच नाही ती नोंद डेटाबेस सगळ्यांत आधी काढतो, हा नियम त्याने नव्या पोरांना कितीदा शिकवला होता. त्याने तारीख भरली. चंदन आणि तो, दोघेही धुळ्याच्या दवाखान्यात जन्मलेले. त्यांच्या तारखा खऱ्या होत्या, एक जूनच्या नव्हत्या.

आता यादीत रतिलाल होता, त्याच्याखाली योगराज होता, आणि योगराजच्या खाली चंदन होता.

त्याने तारीख तपासली. बरोबर. स्वतःची तपासली. तीही बरोबर. तारखेऐवजी मजकूर म्हणून ती साठवली गेली असेल, असे त्याला वाटले. निरनिराळ्या प्रकारची माहिती डेटाबेस वेगवेगळ्या गटांत मांडतो आणि मग असले घोटाळे होतात. पण मजकूर तर तारखांच्या वर यायला हवा, खाली नव्हे. तरीही त्याने सगळ्या नोंदी नव्याने तारखेच्या रूपात बदलून घेतल्या. सगळे आपापल्या जागी बसले. चंदन त्याच्या खाली. मग त्याने सरळ विचारले, योगराजच्या आधी जन्मलेले कोण? उत्तरात चंदनचे नाव होते. हेच नाव क्रम लावायला सांगितले की पुन्हा धाकट्यांत जाऊन उभे राहत होते. डेटाबेसला चंदन थोरला आहे हे ठाऊक होते आणि तरी तो त्याला वर उभे करीत नव्हता.

घरी आल्यावर जेवताना त्याचे लक्ष ताटात नव्हते. कामिनीचेही नव्हते. वांग्याच्या भाजीचे पातेले तिने झाकून दूर सारले होते आणि ती नुसता भात चिवडत बसली होती.

“काय झालं?” तिने विचारले.

“काही नाही. एक नाव जागेवर बसत नाहीये.”

“कुणाचं?”

भावाचे नाव तिच्यासमोर त्याने क्वचितच घेतले असेल. “तुला काय झालंय? जेवत नाहीस.”

“पित्त,” ती म्हणाली आणि उठून गेली.

आठवडाभरात चंदन आणखी खाली गेला. योगराजच्या पाठच्या चुलतभावांच्या खाली, कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यांच्या खाली. एखाद्या लग्नघरी पंगतीत जागा देत देत एखादा भिडस्त माणूस दारापर्यंत सरकत जावा, तसे ते नाव दर वेळी थोडे सरकलेले असे. योगराजने डेटाबेसची अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, मोडून नव्याने बांधली, सगळी पेटी दुसऱ्या सर्व्हरवर नेली. अखेर तारखेचा नाद सोडून प्रत्येक नोंदीवर आपल्या हाताने क्रम घातला आणि त्या आकड्याप्रमाणे यादी मागितली. सर्व माणसे आकड्यांच्या मागे शहाण्या मुलांसारखी उभी राहिली. चंदनच्या नोंदीवर आकडा योगराजच्या आधीचा होता, आणि चंदन शाळकरी पोरांत होता.

दुकानांचे काम मागे पडू लागले. साहेब एकदा बोलले, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने बोलले. योगराजला आपले हसे होत आहे असे वाटू लागले, आणि सर्वांत जास्त चीड त्याला या गोष्टीची होती की ज्याने त्याला एकदा बाकावर बसवून ताटकळत ठेवले तोच आता पुन्हा त्याला ताटकळत ठेवीत होता. शेवटी त्याने तौसिफपुढे संगणक सरकवला. तौसिफने आधी थट्टा केली, “भाऊ तुला मान देतोय यार. ‘पहले आप’ चाललंय त्याचं,” आणि मग बाह्या सारून तो कामाला बसला. त्याने सगळी नोंद आपल्या संगणकावर उतरवून घेतली आणि चंदनच्या जागी नुसतेच ‘क’ असे नाव टाकले. तारीख तीच, आकडा तोच. ‘क’ रतिलालच्या खाली आणि योगराजच्या वर नेमका जाऊन बसला. योगराजने सुटकेचा श्वास सोडला. तौसिफने ‘क’ पुसून पुन्हा ‘चंदन’ लिहिले आणि यादी काढली.

चंदन खाली गेला होता. काल होता त्याहूनही खाली.

तौसिफने यादी पुन्हा एकदा काढून बघितली. मग त्याने आपल्या संगणकावरची ती सगळी प्रत पुसून टाकली, चहाचा कप उचलला, आणि जाताना योगराजच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “योगराजभाई, हे आपल्या खात्यातलं नाही. ऑफिसच्या मशीनवर नको ठेवू. हाताने लिहून टाक ना यार, वाचायचंच तर आहे.”

आणि लीलाधरआबांचा फोन आलाच. “नाव काढलंस ना?”

“काढतो.”

“काढतो काय? तुझी आई गप्प गप्प आहे, म्हणजे तिने तुला काहीतरी सांगितलेलं आहे. हे बघ, या वर्षी पुन्हा रोट आंबले तर देवी या घरात बसवायची नाही असं चाललंय सगळ्यांचं. समजतंय का तुला?”

समजत होते. नाव पुसणे ही एका बोटाची गोष्ट होती, आणि ते बोट त्याने कळीवर नेऊनही ठेवले. पण पुसल्यानंतर यादीत रतिलालच्या खाली आपलेच नाव येईल, आणि मग आपल्या वर कुणीच भाऊ उरणार नाही, हे त्याच्या मनात आले. बाकावरून उठावे लागेल, असे काहीसे त्याला वाटले. त्याने बोट मागे घेतले. एक कोरा कागद घेऊन त्याने सर्व नावे क्रमाने हाताने उतरवली. रतिलाल, चंदन, योगराज. शाई वाळेपर्यंत तो कागदाकडे बघत राहिला. कागदावरचे नाव जागचे हलले नाही.

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी गहू घ्यायचे होते. योगराज आणि कामिनी सकाळच्या बसने निघाले. पारोळ्याला कामिनी खाली उतरली आणि स्टँडवरच्या निंबाखाली डोळे मिटून उभी राहिली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा योगराज तिला आणायला गेला. तिचा हात गार होता.

“डॉक्टरकडे जाऊ या का परत?”

“आधी कानबाई होऊ दे,” ती म्हणाली. एवढेच.

देवपुरातले घर भाऊबंदांनी भरले होते. ओसरीवर गव्हाचे पोते उघडले होते, मधोमध पितळी परात, परातीजवळ हळदकुंकू. सुनंदाबाई न्हालेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, परातीपाशी येऊन बसल्या होत्या. झुलालनाना खुर्चीत. बायका दाराच्या आत, आणि त्यांच्यात चौकटीला टेकून कामिनी.

“काढ रे तुना मोबाइल,” नाना म्हणाले.

“नाना, इथं नेटवर्क धरत नाही. कागदावर आणलंय.”

“मंग काय उपेग तुना कॉम्प्युटरना? कागद तं आम्हनाकडे बी व्हता!”

सगळे हसले. लीलाधरआबा मात्र हसले नाहीत. ते मुलाच्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. योगराजने वाचायला सुरुवात केली. नानांचे नाव, मग आबांचे, मग एकामागून एक. प्रत्येक नावाला सुनंदाबाईंची मूठ परातीवर येई, उघडे, आणि मग चिमटीने वरचा पाव वाटा पडे. एक जूनची सगळी माणसे विनावाद पार पडली. बन्सीलालने पुनाकडे बघून मिशीवरून बोट फिरवले. योगराजच्या आवाजाला लय सापडली होती. आईने सांगितले होते तसेच, वाचता वाचता निघून जायचे होते.

“रतिलाल. चंदन. योगराज.”

तिन्ही नावे त्याने एका श्वासात म्हटली. रतिलालची मूठ पडली. दुसरी मूठ परातीवर आली आणि तिथेच थांबली. ओसरीवर कुणी हलले नाही. झुलालनानांची काठी फरशीवर किंचित वाजली. सुनंदाबाईंनी मान वर करून मुलाकडे बघितले; त्यात विनवणी नव्हती, दुःख नव्हते. लहान मुलाने बेरीज चुकवली की आई बघते, तसे ते बघणे होते. त्यांनी ती मूठ मागे नेली आणि गहू पोत्यात परत सोडले.

“पुढलं वाच,” त्या म्हणाल्या.

लीलाधरआबांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. नाना हळूच म्हणाले, “शहाणी शे सुनंदा.” बायकांत कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. आणि योगराजच्या अंगातून जे उसळले त्याने त्याला पुढची ओळ दिसेना. ज्यांच्यासाठी त्याने इतके दिवस डोके आपटले, साहेबाची बोलणी खाल्ली, वडिलांशी खोटे बोलला, त्यांनीच भर ओसरीवर ते नाव परत करून टाकले होते. कागद फाडून निघून जावे असे त्याला वाटले. पण वाचणे त्याच्याकडे होते, आणि हाती घेतलेले काम अर्धवट टाकून उठणारा तो या घरातला मुलगा नव्हता. “योगराज,” त्याने पुन्हा म्हटले, आणि स्वतःच्या नावाची मूठ परातीत पडताना पाहिली.

पुतणे झाले, शाळकरी पोरे झाली. शेवटी बन्सीलालचा तान्हा नातू. त्याच्या नावाचे गहू पडले तसा योगराजने कागद घडी करून खिशात ठेवला.

“एक राही गयी,” सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी पोत्यातून मूठ भरली आणि त्या उठल्या. गुडघे दुखत असल्यामुळे नेहमी कुणाचा तरी आधार घेणारी ती बाई कुणालाही हात न लावता दारापर्यंत गेली, कामिनीसमोर उभी राहिली, आणि गव्हाची ती मूठ तिने सुनेच्या पोटाला टेकवली. कामिनीचा चेहरा पांढरा पडला. सुनंदाबाई तशाच परत आल्या आणि त्यांनी मूठ परातीवर उघडली. ज्याचे नाव अजून पडायचे आहे अशा येणाऱ्या जिवाची मूठ सर्वांत शेवटी टाकता येते. हीही त्या कुळाची रीतच होती, आणि तिला कुणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

ओसरीवर एकच गलका झाला. “अरे लबाड! म्हणीसन कागद आणा का?” झुलालनाना काठी आपटून म्हणाले. “आधी कॉम्प्युटरमा टाक तेले, मंग पेढा आण!” रतिलालने योगराजच्या पाठीत धपाटा घातला. बायकांत कुणीतरी विचारले, “पण पोऱ्या का पोर, आतेच कसं कयनं अक्का तुम्हले?”

“पोऱ्या शे,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि परात ओढून गहू एकत्र करू लागल्या.

गर्दी जेवायला आत वळली तेव्हा योगराज कामिनीपाशी पोहोचला. ती मागच्या अंगणातल्या पायरीवर बसली होती; तो तिच्या शेजारी बसला.

“तू आईला सांगितलंस आणि मला नाही?”

“मी कुणालाच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मागच्या वेळी सांगितलं आणि राहिलं नाही, म्हणून या वेळी कुणाला म्हणजे कुणालाच नाही. अहो, त्यांना कसं कळलं?”

सुनंदाबाई हात धुवायला अंगणात आल्या होत्या. नळाखाली हात धरून, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, “तू उगाच तेले वर वढी ऱ्हायंता.”

योगराज वळला. “कुणाला, आई?”

पदराला हात पुसत त्या त्याच्याजवळ आल्या. पुष्कळ वर्षांत त्याने त्यांचा चेहरा इतका शांत पाहिला नव्हता. त्यांनी त्याचा उजवा हात धरला, उचलला आणि कामिनीच्या हातात ठेवला. मग दोन्ही हात मिळून खाली, तिच्या मांडीवर दाबले.

“आते तू मोठा शे,” त्या म्हणाल्या. “तेना हात सोडू नको.”

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज, नानांचे हसणे, कुणीतरी कानबाईच्या गाण्याची ओळ धरलेली, हे सर्व भिंतीपलीकडून येत होते. योगराजने डाव्या हाताने खिशातला मोबाइल काढला. अंगणात नेटवर्क चांगले होते. त्याने यादी मागितली, जन्मतारखेप्रमाणे, आधीचा आधी. ती खाली सरकवत सरकवत तो शेवटापर्यंत गेला. तान्ह्या नातवाच्या खाली एक नाव होते आणि त्याच्यापुढे जन्मतारखेची जागा रिकामी होती. ज्याची तारीख भरलेली नाही तो सगळ्यांच्या वर यायला हवा. आणि चंदनची तारीख तर त्याने स्वतःच्या हाताने भरली होती.

“पाणी आणतो तुला,” तो कसाबसा म्हणाला आणि उठू लागला.

कामिनीने डोळे मिटले होते. तिने त्याचा हात सोडला नाही.

“पाणी नको,” ती म्हणाली. “तुम्ही इथंच बसा.”

योगराज बसून राहिला.

ज्या ज्या कानांनी ही कथा ऐकली त्यांचे कान मंगल असोत. ज्या ज्या घरी रोटांचे गहू निघतील त्या घरची परात भरलेली राहो, चूल शांत राहो, लेकीसुना सुखरूप राहोत. ज्याच्या दारातून कुणी निघून गेले असेल त्याच्या दारी आई कानबाई दिवा तेवत ठेवो. आणि ज्याला जिथून परतायचे आहे त्याला तिथून वाट सापडो, आणि तो येईल तेव्हा त्याचा हात धरायला घरात कुणीतरी जागे असो.